छगनची ढास

रविवार, ५ जानेवारी २०२५

रेश्मा मॅडमनी सांगितलं म्हणून लिहायला बसलो. नगरला सावेडीत दर रविवारी उद्योजकांसाठी वर्ग सुरू झालाय. 'नेतृत्व आणि मूल्ये' असं भारदस्त नाव आहे. बाकीचे सगळे तिशीतले, त्रेसष्ट वर्षांचा मी एकटाच. एकाने विचारलं, "काका, मुलाला सोडायला आलात का?" म्हटलं, "नाही, तुझ्या शेजारी बसायला आलोय. सरक." शिकायला वय नसतं, ते मी त्याला बोललो नाही, पण मॅडम बोलल्या, माझ्याकडे हात करून. बरं वाटलं.

मॅडम म्हणाल्या, जमेल तसं लिहीत जा, कोणाला दाखवू नका, स्वतःशी खरं बोला. आणि तुमचा धंदा ज्या एका मूल्यावर उभा आहे ते पहिल्या पानावर लिहा. बाकीचे पेन चावत बसले. मी लगेच लिहिलं: नाकाला पटलं नाही ते दूध टाकीत जाणार नाही.

मॅडमना समजावून सांगावं लागलं. आमची मनकर्णा डेअरी कोल्हारच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मनकर्णा म्हणजे माझी आई. सकाळी मोटरसायकलींवर कॅन येतात, धक्क्यावर उतरतात. मी स्टुलावर बसतो. छगन कॅन पुढे सरकवतो, झाकण काढतो, मी झाकण हुंगतो. आंबूस, औषधाचा, फिनेलचा, कसलाही वास आला की कॅन परत, मग तो सख्ख्या भावाचा असो. मशीन फॅट सांगतं. माणसाने म्हशीच्या आजारपणात इंजेक्शनचं दूध घातलंय का, ते झाकण सांगतं. या नाकावर आमचं दही अन् पेढे नगरपर्यंत चालतात.

छगन माझा मेहुणा, बायकोचा, म्हणजे रतनचा, थोरला भाऊ, आणि पहिल्या दिवसापासूनचा भागीदार. एसटीतून उतरलो तर गाडी घेऊन उभा. "दाजी, काय शिकवलं मास्तरनीनं?"

"स्वतःशी खरं बोला म्हणाली."

"लई अवघाड परीक्षा हाय मग." हसता हसता त्याला ढास लागली. बिडी सोड म्हणून जन्मभर सांगतोय, पालथ्या घड्यावर पाणी.

वाटेत त्याने पुन्हा तोच विषय काढला. धनश्रीला आता धक्क्यावर उभं करू या, शिकू द्या तिला. माझी मुलगी डेअरीचीच डिग्री घेऊन आलीय, दोन वर्षं आपल्याकडेच आहे, टाकी, दही, पेढे सगळं बघते. पण झाकण वेगळं. तिथे डिग्री चालत नाही. म्हटलं, मी आहे तोवर ते स्टूल रिकामं नाही. छगनने गाडी घराकडे वळवली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. रतनने तिळगूळ केला, कशालाच चव नाही. तीळ हायब्रीड, गूळ केमिकलचा, करणार काय ती तरी? मेथीचंही तसंच झालंय, कोथिंबिरीचंही. कोथिंबीर हिरवी तेवढी असते.

दुपारी मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो. रतन परसातून धावत आली, "अहो, दूध लागलं की! घरभर वास सुटलाय, तुमी हितंच बसलाय अन्!" मी म्हटलं, दूध लागलं असतं तर तुझ्याआधी मला कळलं असतं, जन्म दुधात गेलाय माझा. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पातेलं घासायला घेऊन गेली. बूड जरासं काळं होतं, एवढंच. बायकांना राईचा पर्वत करायची हौस.

रविवार, १९ जानेवारी

मागच्या रविवारचा गृहपाठ मोठा मजेशीर होता. आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारायचं: मला सांगायची भीती वाटते असं काय आहे?

मी सगळ्यांना विचारलं. दोन्ही गडी म्हणाले, काही नाही अण्णा. टेम्पोवाला म्हणाला, काही नाही अण्णा. पेढे वळणाऱ्या बायका तर हसायलाच लागल्या. धनश्री काचेच्या नळ्या धूत होती. ती एकदम थांबली आणि मामाकडे बघायला लागली. छगन खाली बघत होता. मग तोच म्हणाला, "दाजी, तुमाला न सांगता ऱ्हायलंय काय आता? जावा, गृहपाठ झाला म्हना." धनश्रीने पुन्हा नळी नळाखाली धरली.

मॅडमना लिहून दिलं: माझ्या डेअरीत कोणाच्या मनात काही नाही. वर्गातल्या मोबाईल कव्हर विकणाऱ्या पोराने दीड पान तक्रारी लिहून आणल्या होत्या. मला त्याची कीव आली. मॅडमनी माझा कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अण्णा, पुन्हा एकदा विचारून बघा." पैकीच्या पैकी मिळाले तरी मास्तरांना एक तरी मार्क कापल्याशिवाय चैन पडत नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

छगन गेला.

कॅन संपले होते. धक्का धुऊन झाला होता. चहाचा कप हातात घेऊन पायरीवर टेकला, आणि कप पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, सांडलास का रे. दवाखान्यापर्यंत नेलं. उपयोग झाला नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

काल बारावा-तेरावा एकत्रच झाला. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर कावळा शिवता शिवेना. धनश्री पुढे झाली, हात जोडून काहीतरी पुटपुटली, आणि लगेच शिवला. काय म्हणालीस विचारलं, तर म्हणाली, "मामांना म्हटलं, मी बघते." काय बघते, ते विचारायचं सुचलं नाही. मी तेव्हा रडत होतो. लोकांसमोर रडलो, त्याची लाज वाटत नाही.

वर्गाला गेलो नाही. आजपासून धक्क्यावर बसतोय. छगनच्या जागी गडी कॅन सरकवतो. खुंटीवर छगनचा खाकी कोट तसाच आहे, काढू नका म्हणून सांगितलंय.

सकाळचं ते काम आता निर्जीव झालंय. छगन असताना कसं होतं ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरायला होईल. झाकण निघायचं, मी नाकाशी न्यायचो, आणि वाईट कॅन असला की छगनला नेमकी ढास लागायची. अगदी त्याच क्षणी मलाही आतून कळायचं, हा परत. त्याची ढास आणि माझं नाक एका वेळी चालायचं. इतकी वर्षं शेजारी उभं राहिलं की दोन माणसांचं एकच शरीर होत असावं. असा माणूस पुन्हा मिळत नाही. पुढल्या जन्मी मिळाला तरी ओळख पटायची नाही.

आज सगळे कॅन चांगले होते. एकही परत केला नाही. लोकांनी छगनचा मान ठेवला असावा.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सावेडीच्या दुकानदाराने दही परत पाठवलं, सगळंच्या सगळं. म्हणे फिनेलचा वास येतो. मी स्वतः डबा उघडून बघितला. खणखणीत दही, कसला वास न् कसलं काय. त्याच्याच फ्रीजमध्ये फिनेलची बाटली सांडली असेल. तसं फोनवर सुनावलं.

धनश्रीने डबा हातात घेतला आणि लगेच झाकण लावलं. म्हणाली, "अण्णा, दूध धक्क्यावरच तपासून घेऊ या ना. प्रत्येक कॅनची नळीत चाचणी करते मी. फार वेळ लागत नाही. वासालाही मी उभी राहते तुमच्या शेजारी."

म्हटलं, माझ्या लोकांच्या दुधात मी काचा बुडवणार नाही. त्यांचा माझ्या नाकावर विश्वास आहे, माझा त्यांच्या इमानावर. नळी आली की इमान जातं. ती म्हणाली, "मग मामा गेल्यापासून एकही कॅन परत का गेला नाही, अण्णा? आधी आठवड्याला दोन-चार जायचे." मी म्हटलं, लोक सुधारले. ती गप्प बसली. हल्ली घरात सगळेच असे अर्ध्यावर गप्प बसतात. छगनच्या दुःखात आहेत.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज माझा हात उठायचा राहिला. पोटच्या पोरीवर, आणि तीही पंचविशीतली. 

उद्या राहात्याला मोठं लग्न, बासुंदीसाठी दूध आपल्याकडून जाणार. म्हणून धनश्री न विचारता धक्क्यावर येऊन उभी राहिली, छगन उभा राहायचा नेमकी तिथे. लग्नाची ऑर्डर आहे, राहू दे म्हटलं.

गोरक्षनाथाचा कॅन आला. आपला सगळ्यांत मोठा गवळी, मोठा गोठा, शब्दाचा पक्का. गड्याने झाकण माझ्या हातात दिलं. मी नाकाशी नेलं, आणि धनश्री खोकली.

साधी खोकली नाही. छगनसारखी. तीच ढास, तसाच तोंडावर पालथा हात. मी वळून बघितलं तर डोळे माझ्यावर रोखलेले. पुन्हा खोकली, त्याहून जोरात.

 मेलेल्या मामाची नक्कल! त्याची राख अजून नदीत विरघळली नसेल. मी ओरडलो, "लाज वाटती का? ज्यानं तुला खांद्यावर खेळवलं त्याची टिंगल करती?" गोरक्षनाथ कावराबावरा झाला. धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "टिंगल नाही, अण्णा. तो कॅन नका घेऊ. एवढं ऐका." मी म्हटलं, हो बाजूला. आणि गड्याला न सांगता तो कॅन मी स्वतःच्या हाताने टाकीत ओतला.

ती धक्क्यावरून उतरून घरी गेली. रतनला सांगितलं तर तिने पदर तोंडावर घेतला. भावाच्या आठवणीने असेल.

रविवार, २३ फेब्रुवारी

बासुंदीचं दूध फाटलं. आचाऱ्याचा पहाटेच फोन. पाहुणे मांडवात, आणि कढईत चोथा-पाणी. मुलीचा बाप फोनवर रडत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळ्यांना धक्क्यावर उभं केलं. टाकी धुवायचं काम धनश्रीचं. नाचता येईना अंगण वाकडं. काल कॅनला नावं ठेवत होती, आणि टाकी स्वतः नीट धुतली नाही. तसं बोललो, गड्यांसमोर, गवळ्यांसमोर. "डिगरीनं टाकी धुवायला शिकवलं न्हाई का? मनकर्णेचं नाव आज मातीत गेलं ते तुझ्यापायी." सगळे खाली बघत होते. मला वाटलं ती उलट बोलेल. बोलली असती तर मी थांबलोही असतो. पण ती म्हणाली, "हो अण्णा. चुकलं माझं."

खरं सांगायचं तर तिने कबूल केलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. रतनने उपासाचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि उठून गेली. रात्री धनश्रीने सांगितलं, पुण्याच्या एका कंपनीत नोकरी मिळालीय, पाडव्यानंतर रुजू व्हायचं. तोवर घरीच बसणार, डेअरीत येणार नाही.

मी म्हटलं, जा. पाय धरणार नाही कोणी तुझे.

हे लिहिताना आईची आठवण येतेय. का कोण जाणे.

बुधवार, ५ मार्च

लोक फिरलेत. सोमवारपासून बघतोय. हिशेबाला आलेले गवळी ऑफिसच्या आत पाय टाकत नाहीत. दारातूनच बोलतात, तोंडावर रुमाल धरतात आणि सटकतात. बसा म्हटलं तर म्हणतात, घाई हाय अण्णा. गडी चहा दारातल्या टेबलावर ठेवून पळतो. काल बँकेचा साहेब आला, खुर्चीत टेकला न टेकला तोच उठला, तोंड पांढरंफटक.

एका फाटलेल्या कढईपायी इतकी वर्षं पुसली गेली. छगन असता तर म्हणाला असता, दाजी, बाजारबुणगे ते, जाऊ द्या. मी एकटाच ऑफिसात बसून राहतो. डबाही तिथेच खातो. बाहेर जाऊन कोणाचं तोंड बघू?

शुक्रवार, ७ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

साळूबाई आली. दोन गाईंची धनीण, तोंडाने फटकळ, पण दूध सोन्यासारखं. बाकीच्यांसारखी दारात थांबली नाही. दोन पावलं आत आली, पदर नाकाला लावला, आणि ओरडली, "आगं बया! अण्णा, हितं काय मेलंय?"

मी म्हटलं, काय मेलंय?

"आवो, घान मारतीया नुसती! पोटात ढवळलं माझ्या. तुमी बसलाय कसं हितं?" तिने गड्याला हाक मारली. दोघांनी मिळून कपाट सरकवलं. मागे घूस मरून पडली होती. फुगलेली, किडे पडलेले. माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर. गड्याने बाहेर जाऊन ओकारी काढली.

मी विचारलं, कधीपासून वास येतोय? तो म्हणाला, "शनिवारपास्नं, अण्णा." मग मला का नाही सांगितलं? तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला.

साळूबाई निघून गेली. मी उभाच होतो. मी त्या खोलीत जेवलो होतो.

मग मी दार लावून घेतलं. फिनेलची बाटली उघडून नाकाशी धरली. डोळ्यांना झोंबलं, वास नाही. उदबत्ती पेटवली. धूर दिसला. घरी जाऊन हिंगाची डबी उघडली. लसूण ठेचला. रॉकेल, कापूर, नवा साबण. रतन दारात उभी राहून बघत होती. थांबवलं नाही तिने, विचारलंही नाही.

शेवटी धक्क्यावर गेलो आणि छगनचा कोट खुंटीवरून काढला. तोंड खुपसलं त्यात. बिडी, शेण, ताजं दूध, घाम, सगळं मला आठवलं. आलं काहीच नाही. छगन गेल्याला महिना उलटून गेला होता. माझ्यासाठी तो आज मेला.

शनिवार, ८ मार्च

सकाळी कॅन आले. मी स्टुलावर बसलो नाही. संकलन बंद म्हणून सांगितलं. लोकांनी कारण विचारलं नाही.

धनश्री गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी वर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसलो. म्हटलं, धनू, मला वास येत नाही.

ती हातातला पंचा पिळत राहिली. म्हणाली, "माहीत आहे, अण्णा."

"कधीपासून?"

"मला दीड वर्षापासून. मामांना त्याच्याही आधीपासून. तुम्हाला तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर. मामा म्हणाले, झाकण हातात धरून दाजी माझ्या तोंडाकडं बघत्यात. मग ते स्वतः आधी हुंगायला लागले. वाईट निघालं की खोकायचे."

 माझं नाक आणि त्याची ढास एका वेळी चालायची म्हणून मी केवढ्या अभिमानाने लिहिलंय! माझं नाक चालतच नव्हतं. माझ्या नावाने छगन हुंगत होता आणि शाबासकी मी घेत होतो.

"मला सांगितलं का नाही?"

"मामांनी शपथ घातली होती. म्हणायचे, त्या स्टुलावरनं उठला तर माणूस जगायचा न्हाई." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि शपथ नसती तरी मी सांगितलं नसतं, अण्णा. हिंमत झाली नसती."

"मी काय वाघ आहे का गं?"

ती हसली नाही. म्हणाली, "लहानपणी पाढे चुकले की तुम्ही मारायचे नाहीत. नुसतं बघायचे. आणि दोन दिवस बोलायचे नाहीत. मार परवडला असता. डेअरीत सगळ्यांना तेच वाटतं. तुम्ही कोणाला छळत नाही, फसवत नाही, अडीनडीला धावता. पण तुमचं चुकलंय हे तुम्हाला सांगणारा माणूस तुमच्या मनातून उतरतो. ते कोणालाच नको असतं, कारण सगळ्यांना तुम्ही आवडता."

 मी म्हटलं, गोरक्षनाथाचा कॅन?

"आंबला होता."

आणि माझ्या चुकीचं माप पदरात घेऊन ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, चुकलं माझं.

रविवार, १६ मार्च

आठवड्यात तीन कामं केली. नगरला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वासाची नस मेलीय, आता परतायची आशा फार नाही. दुसरं, राहात्याला त्या लग्नघरी जाऊन आलो. मुलीच्या बापाने पाणी दिलं, बोलला नाही.

तिसरं, सगळ्या गवळ्यांना धक्क्यावर बोलावलं. म्हटलं, मला वास येत नाही. दोन वर्षांपासून येत नाही. जे कॅन परत गेले ते छगनने पाठवले, मी नाही. आणि छगननंतर जे घाण दूध टाकीत गेलं ते मी घातलं, माझ्या पोरीने नाही.

मला वाटलं गलका होईल. कोणी हललं नाही. गोरक्षनाथ टोपी काढून म्हणाला, "अण्णा, आमाला म्हाईत हुतं."

"सगळ्यांना?"

"व्हय. मामांनी सांगितलं हुतं, अण्णांना कळू द्यायचं न्हाई. त्या दिवशी माझा कॅन आंबला हुता ते घरनं निघतानाच कळलं हुतं मला. वाटलं पोरगी परत लावंल. तुमी वतला तवा मी बोलायला पायजे हुतं." तो रडायला लागला. "न्हाई बोललो. तुमी चिडला हुता."

गावात एवढी मोठी गोष्ट सगळ्यांना ठाऊक, आणि ठाऊक नव्हती ती मला एकट्याला. उलट मी सावेडीत जाऊन लिहून दिलं होतं, कोणाच्या मनात काही नाही.

शुक्रवार, २८ मार्च

धनश्री मला नळीची चाचणी शिकवतेय. थोडं दूध, तेवढंच स्पिरिट, हलवायचं. काचेला कण चिकटले की दूध परत. सोपं आहे. तरी दोन नळ्या फोडल्या. तिसऱ्या वेळी तिने माझा हात धरला, मी तिला ग म भ न गिरवताना धरायचो तसा.

वासाला साळूबाईला पगारावर ठेवलंय. ती कॅन हुंगते आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं बोलते. काल मला म्हणाली, "अण्णा, नळी वाकडी धरलीया." गडी दचकून माझ्याकडे बघायला लागले. मी नळी सरळ धरली.

धनश्रीला म्हटलं, थांबतेस का? स्टूल तुझं.

तिने नळी धुऊन पालथी ठेवली. मग म्हणाली, "अण्णा, मला अजून रोज सकाळी धक्क्याची पायरी चढताना आधी तुमचं तोंड वाचावं लागतं. ते थांबलं की येईन." कधी थांबेल ते तिलाही माहीत नाही.

मंगळवार, १ एप्रिल

ती गेली. एसटीत बसवून आलो. खिडकीतून म्हणाली, जेवा वेळेवर. मी मान हलवली.  घरी येऊन मोठ्याने रडलो.

रविवार, ६ एप्रिल

वर्गाचा शेवटचा दिवस होता. गेलो नाही. मॅडमना फोन करून सांगितलं, तुमचा गृहपाठ पुन्हा करतोय, वेळ लागेल.

संध्याकाळी रतन अंगणात गहू निवडत होती. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण तिला कधी काही विचारायला बसलो असं आठवत नाही. सांगायलाच बसलो दरवेळी. तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सुपातले खडे काढायला लागलो. म्हटलं, रतन, मला सांगायचं राहिलंय असं अजून काही आहे का? काहीही असू दे. मी चिडणार नाही. चिडलो तरी सांग.

तिचा हात थांबला नाही.  मग खालीच बघत म्हणाली, "दादाच्या छातीत दुखत हुतं. दिवाळीपास्नं."

माझ्या चिमटीतला खडा परत सुपात पडला.

"डॉक्टरनी सांगितलं हुतं, काळजाची नळी बंद हाय, लगीच भरती व्हा. मी लई मागं लागले. त्यो म्हनायचा, आठ-धा दिवस मी दवाखान्यात पडलो तर सकाळी दाजींच्या शेजारी कोन हुबं ऱ्हानार? दाजी उघडं पडत्याल. धनूला त्यांनी धक्क्यावर घेतलं, की तिच्या हाती देतो अन् दुसऱ्या दिवशी भरती हुतो. तुमास्नी इचारायचा ना त्यो, सारखा? धनूला घ्या, धनूला घ्या म्हनून?"

विचारायचा. जानेवारीतही विचारलं होतं. मी म्हटलं होतं, मी आहे तोवर ते स्टूल रिकामं नाही.

सूप तिच्या मांडीवर होतं. खडे कुठे आणि गहू कुठे ते मला दिसेना. म्हटलं, रतन, अगं, हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

"कुनाला?" ती म्हणाली.